६२७व्या जागेवरचं अक्षर

फेब्रुवारी २००३ संपता संपता नेदरलँड्सच्या गेल्डरलँड प्रांतातल्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्यांची मरतूक एकदम वाढली. तपासणीत एच७एन७ निघाला, बर्ड फ्लूचा अत्यंत घातक प्रकार. हा सगळा भाग कोंबडीपालनाने दाटलेला, त्यामुळे रोग एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये पसरत गेला. साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे ३ कोटी पक्षी मारावे लागले.

पक्षी मारायला, शेड धुवायला, नमुने घ्यायला बरीच माणसं कामाला लागली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या अनेकांचे डोळे आले. ८९ जणांना एच७ची लागण झाल्याचं प्रयोगशाळेत सिद्ध झालं. त्यांतल्या ७८ जणांचं दुखणं डोळे येण्यापलीकडे गेलं नाही, थोड्यांना फ्लूसारखा ताप आला. तिघांना तर शेडमधून नव्हे, घरातल्याच माणसाकडून लागण झाली होती. त्या वसंतात जगाचं लक्ष सार्सकडे होतं. या लाल डोळ्यांची बातमी युरोपाबाहेर फारशी पोचलीच नाही.

एक पशुवैद्यक मात्र वाचू शकले नाहीत. बाधित शेडमध्ये जाऊन आल्यावर दोन दिवसांनी त्यांना सडकून ताप भरला, डोकं असह्य दुखू लागलं. पुढे न्यूमोनिया झाला, मग श्वास घेणंच अशक्य झालं आणि एप्रिलमध्ये ते गेले. त्यांनी प्रतिबंधक म्हणून विषाणूविरोधी औषध घेतलेलं नव्हतं.

साथ तीच होती आणि विषाणूही तोच होता. मग बाकीच्यांचे फक्त डोळे आले आणि एकाची फुप्फुसं का निकामी झाली? रॉटरडॅममधल्या रॉन फूशिए यांच्या गटाने पशुवैद्यकांच्या शरीरातला विषाणू आणि डोळे आलेल्या एका रुग्णाचा विषाणू अक्षर अक्षर लावून पाहिला. दोघांच्या प्रथिनांत १४ ठिकाणी फरक निघाला. त्यांतला एक फरक बघून विषाणूशास्त्रज्ञ सावध झाले, कारण ती जागा त्यांच्या ओळखीची होती: पीबी२ नावाच्या प्रथिनातलं ६२७वं अमिनो आम्ल. कोंबड्यांच्या विषाणूत तिथे ग्लुटामिक आम्ल होतं, पशुवैद्यकांच्या विषाणूत लायसिन.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. फ्लूचा विषाणू पेशीत आपल्या प्रती कशा काढतो हे सांगायचं तर मी वर्षानुवर्षं याच प्रकरणापासून सुरुवात करते. पीबी२ हा प्रती काढणाऱ्या यंत्राचा भाग आहे. ते यंत्र कसं चालतं आणि कुठे अडतं हे कळल्याशिवाय त्या लायसिनचा अर्थच लागत नाही.

शिक्क्यावरची अक्षरं

फ्लूच्या विषाणूचा सगळा वारसा आठ तुकड्यांत असतो. आरएनएचे आठ धागे, मिळून सुमारे साडेतेरा हजार अक्षरं. अक्षरं म्हणजे आरएनए ज्यांनी बनतो ते चार रासायनिक घटक: ए, यू, जी, सी. सर्वांत लांब धागे २३४१ अक्षरांचे, सर्वांत आखूड ८९० अक्षरांचा. एवढ्या मजकुरावर तो दर हिवाळ्यात जगभर फिरतो, हे मला आजही थक्क करतं.

हे धागे मोकळे पडलेले नसतात. न्यूक्लिओप्रोटीन नावाच्या प्रथिनाचे मणी एकापुढे एक लागलेले असतात आणि प्रत्येक मण्यावर साधारण २४ अक्षरं या हिशेबाने धागा त्यांच्यावर बसवलेला असतो. धाग्याची दोन्ही टोकं जवळ आणून तिथे एक यंत्र घट्ट बसलेलं असतं. हे यंत्र म्हणजे पॉलिमरेज. ते तीन प्रथिनांचं बनतं: पीबी१ अक्षरं जोडतं, पीएकडे कात्री असते, आणि पीबी२कडे पकडण्याचं काम. म्हणजे आठ धाग्यांना आठ यंत्रं, प्रत्येकाचं आपापलं.

यंत्र सोबत आणावं लागतं, कारण मजकूर उलटा असतो. रबरी शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात, कागदावर उमटवल्याशिवाय ती वाचता येत नाहीत, तसं. पेशीतली प्रथिनं बनवणारी रायबोसोम हा उलटा मजकूर वाचू शकत नाहीत. आरएनएवरून एवढा लांब आरएनए उतरवून देणारं यंत्र आपल्या पेशीकडे नसतं. त्यामुळे विषाणू आत शिरला आणि त्याचं यंत्र हरवलं, तर तो तिथेच संपला.

आत शिरण्याची हकिकत थोडक्यात. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या सियालिक आम्लाला चिकटतो, पेशी त्याला एका पिशवीत घालून आत ओढते, पिशवीत आम्लता वाढते, त्या आम्लतेने विषाणूचं कवच पिशवीच्या भिंतीत मिसळतं आणि आठही धागे पेशीद्रवात मोकळे होतात. तिथून ते पेशीकेंद्रात जातात.

पेशीकेंद्रात जाणं हे वेगळेपण आहे. करोनासह बहुतेक आरएनए विषाणू आपलं काम पेशीद्रवातच उरकतात. फ्लूला आत का जावं लागतं, याचा माग औषधांनी लावून दिला. १९६०च्या दशकात दिसलं की अ‍ॅक्टिनोमायसिन डी दिलं की पेशीत फ्लू वाढत नाही. हे औषध डीएनएवरून आरएनए बनण्याची क्रिया थांबवतं. फ्लूकडे तर डीएनए नाहीच, मग त्याचं काय अडलं? पुढे विषारी अळंब्यांतल्या अल्फा-अमानिटिनने तेच दाखवलं. हे विष पेशीचं स्वतःचं आरएनए लिहिणारं यंत्र, ‘आरएनए पॉलिमरेज दोन’, बंद पाडतं, आणि ते बंद पडलं की फ्लूही थांबतो. पेशीचं स्वतःचं लिखाण चालू असेल तरच विषाणूचं चालतं, असा त्याचा अर्थ होता.

उत्तर १९७०च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट क्रुग आणि सहकाऱ्यांनी दिलं. आपल्या पेशीतल्या प्रत्येक एमआरएनएच्या, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी रायबोसोम वाचतात त्या प्रतीच्या, सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते. ती नसेल तर रायबोसोम त्या एमआरएनएला सहसा दाद देत नाहीत. फ्लूला स्वतःची टोपी बनवता येत नाही. पेशीचं ‘पॉलिमरेज दोन’ जो आरएनए नुकताच लिहू लागलेलं असतं, तो विषाणूचं पीबी२ टोपीशी धरतं, पीएची कात्री टोपीपुढची दहा-तेरा अक्षरं सोडून तो कापते, आणि पीबी१ त्या चोरलेल्या तुकड्याला विषाणूचा मजकूर जोडत जातं. सरकारी कागदावरचा सही-शिक्क्याचा भाग फाडून आपल्या अर्जाला चिकटवावा, असा हा प्रकार आहे. शेवटची ए अक्षरांची शेपटीही तो चलाखीने मिळवतो. धाग्याच्या टोकाजवळ पाच-सात यू अक्षरं ओळीने येतात, तिथे यंत्र अडखळतं आणि त्याच जागेवर पुन्हा पुन्हा ए लिहीत राहतं.

मात्र हे झालं वाचन, प्रथिनं बनवून घेण्यासाठी. टोपी चोरीची, शेपटी जादा आणि शेवटची काही अक्षरं सुटलेली, असा हा कागद पुढच्या विषाणूत भरण्याच्या कामाचा नाही. त्यासाठी टोकापासून टोकापर्यंतची नक्कल लागते आणि तिची पद्धत निराळी आहे.

लिहिणारा आणि झेलणारा

नक्कल करताना यंत्र टोपी वापरत नाही, थेट पहिल्या अक्षरापासून लिहायला लागतं. आधी उलट्या धाग्यावरून पूर्ण लांबीचा सुलटा धागा बनतो, मग त्या सुलट्यावरून पुन्हा उलटे धागे. सुलटा धागा नुसता साचा असतो. तो विषाणूत भरला जात नाही, पेशीतच राहतो.

गोम अशी की टोपी नसलेला उघडा आरएनए पेशी टिकू देत नाही, बघता बघता त्याचे तुकडे होतात. म्हणून नवा धागा यंत्रातून बाहेर पडत असतानाच त्याचं टोक दुसऱ्या एका पॉलिमरेजने झेलावं लागतं आणि मागोमाग न्यूक्लिओप्रोटीनचे मणी त्यावर चढावे लागतात. त्यामुळे विषाणू शिरल्या शिरल्या नक्कल सुरू होऊ शकत नाही. आधी चोरीच्या टोप्यांवर एमआरएनए निघतात, त्यांच्यावरून पेशीद्रवात नवी प्रथिनं बनतात, ती पेशीकेंद्रात परत येतात, आणि तेव्हा कुठे नकलेचं काम वेग घेतं. सुलट्यावरून उलटा धागा काढताना तर आणखी एक कसरत असते. यंत्र सुरुवात चौथ्या-पाचव्या अक्षरावर करतं आणि मग सरकून टोकाशी येतं. इथेही दुसऱ्या पॉलिमरेजची मदत लागते.

म्हणजे नक्कल हे एका यंत्राचं काम नाही. एक लिहिणारा लागतो आणि एक झेलणारा, दोघं एकमेकांना अगदी खेटून. त्यांना एकत्र धरून ठेवणारा तिसरा विषाणूकडे नसतो. तो पेशीकडून घ्यावा लागतो, आणि प्रकरणातली अडचण नेमकी याच तिसऱ्यापाशी आहे.

त्याकडे वळण्याआधी चुकांबद्दल. हे यंत्र लिहिलेलं परत वाचून दुरुस्त करत नाही. साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे त्याच्याकडून एक अक्षर चुकतं. हस्तलिखित पोथ्यांवर काम करणारे ज्याला पाठभेद म्हणतात तेच हे, फक्त इथे लेखनिक तासाभरात शेकडो प्रती काढतो. हिशेब करून बघा. एखाद्या ठरावीक जागी ठरावीक अक्षर बदलायचं असेल तर काही लाख प्रतींत ते एकदा आपोआप घडतं. एका लागण झालेल्या पेशीतून हजारो प्रती निघतात आणि फुप्फुसात अशा पेशी अगणित असतात. ग्लुटामिक आम्लाचं लायसिन व्हायला एकच अक्षर बदलावं लागतं, जीच्या जागी ए. तेव्हा ते अक्षर बदललं यात नवल नाही. बदलल्यावर ते टिकलं का आणि वाढलं का, हे शोधायला हवं.

संशयित ओळखीचा होता

ते जुनं प्रकरण आहे. पक्ष्यांचे बहुतेक फ्लू विषाणू सस्तन प्राण्यांच्या पेशीत नीट वाढत नाहीत. १९७७ मध्ये ब्रिटनमधले जेफ्री आमंड यांनी दाखवलं होतं की यामागे पॉलिमरेजचं एक जनुक आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत कांता सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी ते थेट एका अमिनो आम्लावर आणून ठेवलं: पीबी२, जागा ६२७. डॉ. सुब्बाराव यांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरचं. पीबी२ ही ७५९ अमिनो आम्लांची साखळी आहे, आणि तिच्यातला एक मणी बदलला की पक्ष्याचं यंत्र सस्तन पेशीत चालू लागतं, हे त्यांनी दाखवलं.

हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ पहिल्यांदा माणसांत आला. १८ जण आजारी पडले, ६ दगावले. त्या विषाणूंतले काही उंदरांना झटपट मारत होते, काही नव्हते. २००१ मध्ये योशिहिरो कावाओका यांच्या गटाने या फरकाचं कारण शोधलं तेव्हा बोट पुन्हा ६२७वरच गेलं. म्हणून २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या यादीत ते लायसिन दिसताच सगळ्यांनी मान वर केली.

पण या एका जागेने असं काय होतं, हे तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. उत्तर मिळायला २०१६ साल उजाडलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले जेसन लाँग, वेंडी बार्कले आणि सहकाऱ्यांनी वापरलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी हॅमस्टरच्या पेशींचा असा संच घेतला की ज्यातल्या प्रत्येक ओळीत कोंबडीच्या गुणसूत्रांचे वेगवेगळे तुकडे घुसवलेले होते. पक्ष्याचं पॉलिमरेज हॅमस्टरच्या पेशीत अडायला हवं, पण काही ओळींत ते छान चालत होतं. त्या ओळींत कोंबडीचं समान असं काय आहे हे शोधत गेल्यावर हाती लागलं एएनपी३२ए.

हे पेशीच्या केंद्रात एरवी आपलं काम करत असणारं साधं प्रथिन आहे. माणसात ते असतं, कोंबडीतही असतं. पण कोंबडीच्या एएनपी३२एमध्ये मधोमध ३३ अमिनो आम्लांची एक जादा पट्टी असते, माणसाच्यात ती नसते. पट्टी काढून टाकली की कोंबडीचं प्रथिन पक्ष्याच्या पॉलिमरेजला मदत करेनासं होतं. तीच पट्टी माणसाच्या प्रथिनात बसवली की पक्ष्याचं यंत्र माणसाच्या पेशीत सुरळीत चालतं. आणि ६२७वर लायसिन असेल तर पट्टीची गरजच उरत नाही.

शहामृगाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. शहामृग पक्षी असला तरी त्याच्या एएनपी३२एमध्ये ही पट्टी नाही. शहामृगांत वाढलेल्या बर्ड फ्लूच्या विषाणूंत ६२७वर लायसिन निवडलं जाताना आढळलेलं आहे. विषाणूला यजमान पक्षी आहे की माणूस याच्याशी देणंघेणं नाही. पेशीकेंद्रात कोणतं एएनपी३२ए भेटतं, एवढ्यावर सगळं ठरतं.

ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये फ्लू सी विषाणूच्या पॉलिमरेजची रचना या प्रथिनासकट टिपली आणि चित्र पूर्ण झालं. दोन पॉलिमरेज एकमेकांना भिडलेले, एक लिहिणारा आणि एक झेलणारा, आणि दोघांच्या मधल्या फटीत पूल बांधल्यासारखं एएनपी३२ए. पीबी२चा ६२७चा भाग याच फटीच्या कडेला येतो. एएनपी३२एची शेपटी आम्लधर्मी, म्हणजे ऋण भाराची. ग्लुटामिक आम्लही ऋण भाराचं, लायसिन मात्र धन भाराचं. प्रत्यक्षातली जुळणी एवढी सरळ नाही, शेपटी कशी आणि कुठून वळते यावरही बरंच अवलंबून असतं. तरी सारखे भार एकमेकांना दूर लोटतात आणि विरुद्ध भार धरून ठेवतात, एवढं विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवलं तर ६२७ची जागा त्यांना पाठ करावी लागत नाही.

हे बदल कुठे घडले

आता पुन्हा पशुवैद्यकांकडे. लायसिन असलेला विषाणू त्यांना आयताच शेडमधून मिळाला, की तो त्यांच्याच शरीरात तयार झाला? दोन्ही शक्यतांचा अर्थ फार वेगळा निघतो. शेडमध्ये आधीच असेल तर धोका कोंबड्यांच्या कळपात शिजत होता. शरीरात तयार झाला असेल तर लागण झालेलं प्रत्येक माणूस ही विषाणूसाठी नवी संधी होती.

२०१४ मध्ये डच संशोधकांनी जपून ठेवलेले नमुने पुन्हा बाहेर काढले. पशुवैद्यकांचे वेगवेगळ्या वेळी घेतलेले तीन नमुने होते, जे आधी कुणी तपासले नव्हते. सोबत कोंबड्यांतून मिळवलेले तीन विषाणू, त्यांतले दोन ज्या शेडमधून लागण झाली तिथलेच. मधल्या दशकात जनुकवाचनाचं तंत्र इतकं पुढे गेलं होतं की गर्दीतला अगदी विरळ पाठभेदही पकडता येत होता. कोंबड्यांच्या एकाही नमुन्यात ६२७वर लायसिन सापडलं नाही. पशुवैद्यकांच्या नमुन्यांत ते सापडलं, आणि आजार पुढे सरकत गेला तसं त्याचं प्रमाण वाढत गेलं.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं काही वाचवलं नाही. पाठ्यपुस्तकात नैसर्गिक निवड पिढ्यान्‌पिढ्यांच्या काळात दाखवतात. इथे ती एका माणसाच्या फुप्फुसात, त्याच्या आजाराच्या मोजक्या दिवसांत घडली होती. मानवी एएनपी३२ए मिळताच कोंबडीचं यंत्र अडखळत नक्कल काढत राहिलं, त्या नकलांत कधीतरी एक अक्षर चुकलं, आणि चुकलेल्या अक्षराचं यंत्र भोवतीच्या इतर सगळ्या यंत्रांपेक्षा भराभर प्रती काढू लागलं. बाकी निव्वळ गणित आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. कोंबड्यांच्या नमुन्यांत विषाणूचे मधूनच तुटलेले, अर्धवट धागे सापडले. पॉलिमरेज लिहिता लिहिता मधला मोठा भाग गाळून पुढे उडी मारतं तेव्हा असे आखूड धागे बनतात. आखूड असल्यामुळे त्यांच्या प्रती लवकर निघतात, आणि ते पूर्ण धाग्यांच्या वाट्याचं यंत्र व मणी अडवून बसतात. नकलेत अक्षर चुकणं आणि पानंच्या पानं गळणं, दोन्ही एकाच यंत्राच्या सवयी आहेत, आणि या एका साथीच्या नमुन्यांत दोन्हींच्या खुणा सापडल्या.

लायसिननेच रुग्ण दगावला असं थेट म्हणता येतं का? माणसावर असा प्रयोग करून पाहता येत नाही. उंदरांत पाहिला गेला. २००७ मध्ये रॉटरडॅमच्या गटाने दोन्ही विषाणूंची जनुकं एकमेकांत अदलाबदल करून दाखवलं की घातकतेतला मोठा वाटा ६२७चाच होता. त्याशिवाय तापमानाची एक बाजू आहे. पक्ष्याच्या आतड्यात सुमारे ४१ अंश सेल्सियस असतं, माणसाच्या नाकात जेमतेम ३३. ग्लुटामिक आम्ल असलेलं यंत्र सस्तन पेशीत ३३ अंशांना आणखीच मंदावतं. लायसिनचं तसं होत नाही.

एका अक्षरावर किती भार टाकावा

इथे मी वर्गात मुद्दाम थांबते, कारण हे प्रकरण ऐकलेले विद्यार्थी ६२७ला सर्व रोगांचं मूळ समजू लागतात. तसं नाही, आणि त्याला तीन ठोस दाखले आहेत.

पहिला आपल्याच दारातला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली. तो एच५एन१ चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर २००५ साली जंगली पक्षी मारणाऱ्या वंशातला होता, आणि त्या वंशाची ओळखच ६२७वरचं लायसिन ही होती. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पण माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण सिद्ध झालं नाही. पॉलिमरेज सज्ज असलं तरी विषाणूला आधी माणसाच्या पेशीला चिकटून आत शिरता आलं पाहिजे, आणि पुरेशा संख्येने पोचलंही पाहिजे.

दुसरा २००९चा स्वाइन फ्लू. पुण्याने त्याची झळ देशात सर्वांत आधी सोसली. मास्क बांधलेला तो ऑगस्ट अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या एच१एन१चं पीबी२ मूळचं पक्ष्यांकडून आलेलं, आणि ६२७वर ग्लुटामिक आम्लच होतं. त्याने शेजारच्या ५९० आणि ५९१ या जागा बदलून तोच परिणाम साधला होता. कुलूप एक, किल्ल्या अनेक.

तिसरा २०२४चा. अमेरिकेत दुभत्या गाईंत एच५एन१ पसरला आणि टेक्सासमध्ये डेअरीवर काम करणाऱ्या एका माणसाला लागण झाली. त्याच्या विषाणूत ६२७वर लायसिन होतं, अगदी डच पशुवैद्यकांच्या विषाणूसारखं. आणि त्याला झालं काय, तर डोळे आले. तो बरा झाला. गाईंतल्या विषाणूने मात्र ६२७ला हातही न लावता ६३१व्या जागेवर बदल करून काम भागवलं होतं.

तेव्हा लायसिन दिसलं म्हणून घाबरायचं नाही आणि दिसलं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. विषाणूचं यंत्र आणि पेशीचं एएनपी३२ए यांची गाठ पडली का, हा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरं विषाणू वेगवेगळ्या अक्षरांनी देतो. माझ्या मते नमुने एकदाच घेऊन थांबण्याची पद्धत बदलायला हवी, कारण पशुवैद्यकांच्या बाबतीत खरी माहिती नमुन्यांच्या मालिकेतून मिळाली, कोणत्याही एका नमुन्यातून नव्हे.

यंत्र अडवायचं कुठे

औषधांनी या यंत्रावर दोन ठिकाणी हात घातलेला आहे. बॅलोक्सॅविर पीएची कात्री बोथट करतं, मग टोपी चोरता येत नाही. त्याला २०१८ मध्ये जपानमध्ये मान्यता मिळाली. करोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी पोचलेलं फॅविपिरावीर हेही मुळात फ्लूसाठी, जपानमध्येच २०१४ साली मान्य झालेलं. ते खोट्या अक्षरासारखं धाग्यात शिरतं आणि मजकूर बिघडवतं. कात्रीवरच्या औषधाला मात्र विषाणू पीएमधलं ३८वं अमिनो आम्ल बदलून चकवतो.

एडिंबरोच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमधल्या आणि इतर संशोधकांनी तिसरा रस्ता धरला. यंत्राला हात न लावता त्यांनी कोंबडीचं एएनपी३२एच बदललं. फक्त दोन अमिनो आम्लं बदललेल्या त्या कोंबड्यांना नेहमीच्या मात्रेत विषाणू दिला तेव्हा १० पैकी ९ जणींना लागण झाली नाही. हजारपट मात्रा दिल्यावर मात्र १० पैकी ५ जणींना झाली. आणि त्यांच्यातून निघालेल्या विषाणूंनी पॉलिमरेज असं बदललं होतं की एएनपी३२एची भावंडं, एएनपी३२बी आणि एएनपी३२ई, ज्यांच्याकडे ते एरवी ढुंकूनही बघत नाहीत, तीही त्यांना चालू लागली होती. पेशींवरच्या प्रयोगात तिन्ही जनुकं काढल्यावरच विषाणूची नक्कल थांबली. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला यातला प्रामाणिकपणा भावला. यशाइतक्याच ठळकपणे त्यांनी विषाणूने शोधलेली पळवाट मांडली आहे.

अशा कोंबड्या शेडमध्ये यायला वेळ आहे. तोवर काम उरतं ते माणसांपाशी. कोंबड्या मारणारे मजूर, पोती उचलणारे, शेड धुणारे, आणि त्यांच्याही आधी आत जाऊन मेलेला पक्षी उलटून बघणारे पशुवैद्यक. एका फुप्फुसात ते अक्षर किती दिवसांत वर येतं हे आपल्याला आता माहीत आहे. म्हणून शेडचं दार उघडण्याआधी चेहऱ्यावर नीट बसणारा मास्क आणि डोळ्यांवर बंद गॉगल, साथ जाहीर झाल्या दिवसापासून ओसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध, आणि नंतर दहा-बारा दिवस रोज कुणीतरी फोन करून विचारायचं, ताप आहे का, डोळे लाल झालेत का.